एकतीस नावांचा दगड

हिवरगोठ्याच्या ग्रामपंचायतीला रॅम्प झाला आणि लंकाबाईंना आत जायची जी काही वाट होती तीही बंद झाली. तुम्ही म्हणाल, सांगणाऱ्याचं डोकं फिरलंय. रॅम्प तर व्हीलचेअरवाल्यांसाठीच बांधतात ना? बांधतात की. पण आमच्या नेवासा तालुक्यात नुसतं बांधून काम पुरं होत नाही, त्याचं उद्घाटन व्हावं लागतं. घोळ झाला तो तिथं.

लंकाबाई म्हणजे वॉर्ड दोनच्या सदस्य. वय छेचाळीस. दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पायांत जोर नाही. हातांत मात्र चौघांचा आहे. दिवसाला पाच ब्लाउज शिवतील आणि शिवता शिवता अख्ख्या गावाची हजेरी घेतील. व्हीलचेअरला त्या 'गाडी' म्हणत, आणि सिमेंटच्या रस्त्यावरून ती अशी पळवत की कोंबड्या आधीच ओट्यावर चढून बसत. त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा गाव हसलं. एकेचाळीस मतांनी निवडून आल्या तेव्हा त्या हसल्या.

आता पंचायतीला पाच पायऱ्या. मीटिंगच्या दिवशी गाडी खाली राहायची आणि गावातला सहादेव नि आणखी तिघं लंकाबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत घालून वर न्यायचे. माणसं मनानं निर्मळ, त्यात वाद नाही. पण उचलणाऱ्याला उचललेलं माणूस दिसत नाही हो! लंकाबाईंच्या डोक्यावरून चौघांच्या गप्पा चालायच्या, कांद्याला काय भाव निघाला, कुणाची म्हैस आटली. एकदा तर आत नेऊन भिंतीकडं तोंड करून ठेवल्या आणि गेले निघून. सगळी मीटिंग त्या बाईंनी कॅलेंडरवरच्या चतुर्थ्या मोजत काढली.

मग एका मीटिंगला नेताना, तिसऱ्या पायरीवर, सहादेवचा मोबाईल वाजला. वाजला तर वाजू द्यावा की नाही? या पठ्ठ्यानं एक हात सोडून तो उचलला. खुर्ची कलली, लंकाबाई पायऱ्यांवरून खाली, कोपर सोलवटलं, पदर एकीकडं, चष्मा एकीकडं. आणि वरून सहादेव फोनवर म्हणतोय, "थांब जरा, लंकाताई पडल्या."

लंकाबाई धुळीत बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आजपासून मला कुनी हात लावायचा न्हाई. जाईन तर माझ्या चाकावर जाईन."

सरपंच आप्पासाहेब धावत आले. माणूस वाईट नाही, फक्त स्वतःच्या नावावर भारी जीव. म्हणाले, "अवो लंकाताई, येवढं काय मनावर घेता? आमी हाय ना उचलायला! गावात चार मानसं कमी पडत्यात व्हय?"

"आप्पासाहेब," लंकाबाई म्हणाल्या, "चार जन उचलत्यात त्ये मानसाला शेवटी एकदाच. मला तुमी दर महिन्याला उचलता."

 ग्रामसेवक कल्याण भाऊसाहेबही तिथंच होते. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "ताई, रागावू नका, पण सलग सहा महिने मीटिंगला आला नाहीत तर सदस्यपद जातं. नियम आहे."

"आन पंचायतीत मला जाता यावं ह्यो नियम न्हाई का?"

होता. दोन हजार सोळाचा कायदा होता, लंकाबाईंनी नेवाशाहून त्याची झेरॉक्स आणली आणि कपड्यावर खुणा करायच्या खडूनं ओळीच्या ओळी रंगवल्या. सार्वजनिक इमारतीत दिव्यांगांना विनाअडथळा जाता आलं पाहिजे. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. मग अर्ज सुरू झाले. पंचायतीला, तालुक्याला, जिल्ह्याला, त्याच्याही वर. एका अर्जाला उत्तर आलं नाही की दुसरा जायचा. शेवटी वरून असं काही खरमरीत पत्र आलं की आप्पासाहेबांनी दुसऱ्या दिवशी वाळूचा टेम्पो मागवला.

काम घेतलं श्रीरामपूरकडच्या गिदोन मिस्त्रीनं. लंकाबाई रोज सकाळी गाडी लावून समोर हजर. "मिस्त्री, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं अडीच फूट हाय, म्हंजे तीस फूट. बरुबर?"

"तीस फूट?" आप्पासाहेब ओरडले. "पंचायतीला रॅम्प बांधायचाय का रॅम्पला पंचायत?"

गिदोन अबोल माणूस. त्यानं तीस फूटच बांधला, मधे वळण देऊन, दोन्ही बाजूंनी पाइपाचं रेलिंग लावून. अर्ध्या पायऱ्या मात्र त्यात गेल्या. उरल्या त्या जेमतेम एका माणसाच्या रुंदीच्या. काम संपलं तसं त्यानं वाळू वाहायचा गाडा काठोकाठ पाण्यानं भरला आणि रॅम्पवरून वर ढकलत नेला. थेंब सांडला नाही. "घ्या ताई," म्हणाला, "आता तुमी आन तुमची गाडी."

लंकाबाई तेव्हाच वर गेल्या असत्या. पण आप्पासाहेब आडवे आले. "न्हाई न्हाई, असं कसं! उद्घाटन न करता? रविवारी पाव्हणे बोलावल्यात. पयला मान तुमचाच."

आमच्याकडं काम झालं की कोनशिला लागते. दगडावर नावं कोरली नाहीत तोवर ते काम झालं असं कुणी धरत नाही. पंचायतीच्या दर्शनी भिंतीवर बघा, बोअरची कोनशिला, दिव्याच्या खांबाची कोनशिला, पाण्याच्या टाकीच्या दोन, कारण टाकीचं उद्घाटन दोन पार्ट्यांनी वेगवेगळं केलं होतं. रॅम्पच्या दगडावर आधी पाच नावं ठरली. मग उपसरपंचांचं राहिलं. ते घातलं तर सोसायटीच्या चेअरमनचं का नाही? चेअरमनचं घातलं तर माजी चेअरमन रुसले. आठवड्यात नावं झाली एकतीस. दगड झाला साडेतीन फूट रुंद. भिंतीवर तेवढी जागा कुठली? आणि कोनशिला तर कामावरच पाहिजे, लांब लावली तर लोक म्हणतील दुसऱ्याच कामाची.

शनिवारी संध्याकाळी तो दगड आला. आप्पासाहेबांनी रॅम्पच्या वरच्या टोकाला, जिथं तो व्हरांड्याला मिळतो, तिथं बोट दाखवलं. गिदोन म्हणाला, "साहेब, हितं?"

"तू लाव. मोक्याची जागा हाय."

गिदोननं दोनदा विचारलं. दोनदा उत्तर तेच आलं. मजुरी करणारा माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही. त्यानं विटांचा चौथरा घातला, दगड उभा केला, आणि वर लाल पडदा टाकला.

रविवारी हलगी वाजली. पाहुण्यांनी खाली फीत कापली. लंकाबाईंना हार घातला, फेटा बांधला. नवीन साडी नेसून, दोन्ही हातांनी चाकं फिरवत त्या निघाल्या. तीस फूट! एकदाही कुणाचा हात लागला नाही. वळण घेतलं, समोर लाल पडदा. त्यांना वाटलं, पडद्यामागं दार आहे. मंडपात टाळ्या पडल्या, फोटोवाल्यानं फोटो काढला, पायऱ्यांनी वर गेलेल्या पाहुण्यांनी व्हरांड्यातून दोरी ओढली. पडदा सरकला.

समोर दगड. नावांची बाजू व्हरांड्याकडं, पाठ लंकाबाईंकडं. दगड आणि रेलिंग यांच्यात वीतभर फट.

क्षणभर कुणालाच कळेना. हलगीवाला तेवढा वाजवत होता, त्याला दिसत नव्हतं. लंकाबाईंनी एकदा दगडाकडं बघितलं, एकदा फटीकडं. वर गाडी वळवायलाही जागा उरली नव्हती. हार घातलेल्या, फेटा बांधलेल्या त्या बाई हलगीच्या तालावर तीस फूट उलट्या खाली आल्या.

घरी जाऊन लंकाबाई रडल्या. खोटं कशाला सांगू? कोपर सोलवटलं तेव्हा रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. पडल्यावर लोक हळहळले होते. या वेळी त्यांना लोकांचं हसू ऐकू आलं होतं.

बरं, दगड काढा म्हणावं तर काढणार कोण? कल्याण भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "ताई, त्यावर केवढ्या मोठ्या लोकांची नावं आहेत! मी हात लावला तर माझी बदली थेट गडचिरोलीला." आप्पासाहेब म्हणाले, "दगड हालवला तर एकतीस घरांशी वैर. म्होरच्या निवडनुकीनंतर बघू." लंकाबाईंनी पुन्हा वर तक्रार केली. आठवड्यात उत्तर आलं, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. का? तर पंचायतीनं पुरावा पाठवला होता. रॅम्पवर हसतमुख लाभार्थी, गळ्यात हार, डोक्याला फेटा. तो फोटो लंकाबाईंचाच!

"माझ्याच थोबाडानं माझी केस हारली," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा हसू आलं. हसू आलं की त्यांचं डोकं चालायला लागतं.

एव्हाना पाच मीटिंगा हुकल्या होत्या. सहावी शुक्रवारी अकराला. ती हुकली की सदस्यपद गेलं. वॉर्डातले दोघं तर पोटनिवडणुकीच्या आशेनं आत्तापासूनच येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करायला लागले होते. सहादेव बिचारा येऊन म्हणाला, "ताई, पायऱ्यांवरनं चौघं मावत न्हाईत, पन मी एकटा कडेवर घेतो."

"छेचाळिसाव्या वर्षी कडेवर? उद्या बाटलीनं दूध पाजशील."

भाऊसाहेबांनीही तोडगा आणला. "मी रजिस्टर बाहेर आणतो. तुम्ही गाडीत बसूनच सही करा. सदस्यपद वाचेल."

"भाऊसाहेब, माझी सही आत जानार आन मी भायेर ऱ्हानार? मंग लोकांनी सहीलाच निवडून द्यायचं की."

त्या दिवशी सोमवार होता. लंकाबाई दुपारभर मशीनवर बसून होत्या, पण मशीन चालत नव्हतं. लग्नसराई तोंडावर, कापडांचा ढीग पडलेला. तेवढ्यात आप्पासाहेबांच्या मंडळी, पुष्पावतीवहिनी, ब्लाउजचं माप द्यायला आल्या. लंकाबाईंनी टेप गळ्यात टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"वहिनी, त्या दगडावर आप्पासाहेबांचं नाव हाय ना?"

"म्हंजे काय! पयल्या वळीत हाय."

"आसंल बाई. मी आपली रस्त्यावरनं रोज बघती, मला तर नुसती दगडाची पाठच दिसती. यष्टीतनं उतरनाऱ्याला वाटत आसंल, कुनीतरी फरशी वाळत घातलीय."

पुष्पावतीवहिनी माप अर्धं टाकून उठल्या आणि तडक पंचायतीकडं गेल्या.

त्यानंतर उपसरपंचांच्या सूनबाई आल्या. त्यांना लंकाबाई म्हणाल्या, "तुमच्या मामंजींचं नाव खालच्या वळीत का गं घातलं? व्हरांड्यात शिपाई बादली ठिवतो, बरुबर तिच्या मागं येतं." हेही खरंच होतं. लंकाबाई खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत, हे ध्यानात ठेवा. माजी चेअरमनच्या बहिणीला त्यांनी सांगितलं की शेळ्या उन्हाच्या त्या दगडाला अंग घासतात. पोतराज मळ्यातल्या जावा-जावांना सांगितलं की नावं दाराकडं तोंड करून असल्यानं ती वाचतात फक्त दोघं, भाऊसाहेब आणि शिपाई, आणि शिपायाला चष्मा लागलाय.

मंगळवारपासून पंचायतीच्या व्हरांड्यात बायकांची रीघ लागली. ज्या बायका जन्मात पंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या कमरेवर हात ठेवून दगडापुढं वाकून आपल्या माणसाचं नाव शोधत होत्या. सापडलं की "अगं बाई, हितं खाली?" आणि नाही सापडलं की त्याहून मोठ्यानं. कल्याण भाऊसाहेबांना कामच सुचेना. बुधवारी रात्रीच्या जेवणाला गावातल्या एकतीस घरांत एकच विषय होता आणि एकतीस घरांत तो बायकांनीच काढला होता.

गुरुवारी सकाळी आप्पासाहेब लंकाबाईंच्या दारात. डोळे तारवटलेले.

"लंकाताई, त्यो दगड रस्त्याच्या कडंला, यष्टी स्टॉपसमोर लावला तर कसं वाटंल? येनाऱ्याजानाऱ्याला दिसंल."

लंकाबाईंनी दाताखालचा दोरा तोडला. "कशाला उगं? ऱ्हाऊ द्या की. मोक्याची जागा हाय म्हनला होता."

"न्हाई वो! चुकलं आमचं."

"एकतीस घरांशी वैर हुईल."

"न काढल्यामुळं झालंय!" आप्पासाहेब कळवळून म्हणाले. "घरात मला दोन दिस चहा मिळाला न्हाई."

"मंग काय, पंच मंडळी म्हनतील तसं," लंकाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीनवर वाकल्या. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

दुपारी गिदोन आला. छिन्नी लावली, चौथरा फोडला. सहादेव आणि तिघांनी दगड उचलला आणि 'जपून, जपून, कोपरा लागंल' असं एकमेकांना बजावत बाळासारखा रस्त्यावर नेला. लंकाबाईंना नेताना 'जपून' असं कुणी म्हणालं नव्हतं. गिदोननं मागं फुटकी जागा सिमेंटनं सपाट केली आणि वर ओली पोती टाकली. जाताना म्हणाला, "ताई, तवाच तिसऱ्यांदा इचारायला पायजे हुतं मी."

शुक्रवारी पावणेअकराला लंकाबाई निघाल्या. हार नाही, फेटा नाही, हलगी नाही. रोजची साडी. तीस फूट चढल्या, वळण घेतलं, ओल्या पोत्यांवरून चाकं गेली, आणि दारातून आत.

आत सगळे जमले होते. कल्याण भाऊसाहेब उठून उभे राहिले. "ताई, कुठं बसता?"

लंकाबाई थांबल्या. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ठेवतील तिथं बसायचं हीच त्यांची जागा. "थांबा वो जरा," त्या म्हणाल्या, "बघू द्या." आणि मग त्यांनी त्या खोलीला एक चक्कर मारली. कपाटापाशी गेल्या, खिडकीपाशी गेल्या, तिथून बाहेर बघितलं, परत फिरल्या, आप्पासाहेबांच्या टेबलापाशी आल्या, तेही नको म्हणून पुन्हा खिडकीकडं गेल्या. आठ माणसं घड्याळाकडं बघत थांबली होती. लंकाबाईंना इतकं बरं वाटत होतं की त्यांनी आणखी एक चक्कर मारली. शेवटी खिडकीशी गाडी लावली आणि रजिस्टरवर झोकात सही केली.

शिपायानं पाणी आणलं. त्यांनी पेला तोंडाला लावला तो गटागटा रिकामाच केला. वर चहा घेतला. अजून एक मागितला.

मग आप्पासाहेब उठले. विषय क्रमांक एकच्या आधी त्यांना दोन शब्द बोलायचे होते, आणि त्यांचे दोन शब्द म्हणजे पाऊण तास. गावाचा इतिहास झाला, वडिलांची पुण्याई झाली, रॅम्पची संकल्पना त्यांना पहाटे कशी सुचली तेही झालं. पंचवीस मिनिटं झाली असतील. लंकाबाईंनी चाकांना हात घातला, गाडी वळवली आणि दाराकडं निघाल्या.

आप्पासाहेब थबकले. "लंकाताई? काय चुकलं का आमचं? रागावला का?"

"न्हाई वो. तुमचं चालू द्या. जरा घरी जाऊन येती, पाच मिनिटात."

"काही पाहिजे होतं का? शिपायाला पाठवतो," भाऊसाहेब म्हणाले.

"त्ये काम शिपायाला जमायचं न्हाई, भाऊसाहेब," लंकाबाई म्हणाल्या. आणि मग, एरवी कधी बोलल्या नसत्या, ते त्या दिवशी बोलल्या. "मीटिंगच्या दिवशी मी सकाळपासनं पान्याचा घोट घेत न्हवते. मधीच उठावं लागलं तर चौघांना काय सांगू, मला कुठं न्यायचं? जीभ कोरडी पडायची, तुमचं भाषन चालू असायचं, आन मी आपली तास मोजत बसायची. आज दोन कप चहा प्याली."

 सहादेव दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. दोन वर्षं त्यानं त्या बाईला उचललं होतं आणि त्याला हे माहीत नव्हतं.

"विषय क्रमांक चार माझा हाय," लंकाबाई दारातून म्हणाल्या. "आरोग्य उपकेंद्राच्या पायऱ्यांचा. त्यो मी आल्याबिगर घ्यायचा न्हाई."

आणि त्या उतारावरून खाली सुटल्या. ब्रेकला हात नाही, पदर मागं उडतोय, समोरची कोंबडी जीव घेऊन पळाली. आप्पासाहेब खिडकीशी येऊन बघत राहिले. भाषण कुठं आलं होतं ते त्यांना आठवेना, आणि कुणी आठवणही करून दिली नाही. ते खाली बसले, समोरचा पाण्याचा पेला उचलला, आणि न पिताच परत ठेवला.

आठव्या मिनिटाला लंकाबाई परत वर आल्या.